हंगामात रविवार कसा पाळायचा

कापूस फुटला की दरवर्षी आमच्या चर्चच्या मंडळीतले दोन-चार जण तरी विचारतात, रविवारी वेचणी चालते का. म्हणून आमच्या घरी आम्ही कसं करतो ते लिहून टाकतो.

पहिले दिवस ठरवा. बायबलच्या जुन्या करारातला शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, सातवा, शुक्रवारी दिवस बुडला की सुरू अन् शनिवारी बुडला की संपला, सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचे ख्रिस्ती लोक आजही तोच पाळतात. बाकी बहुतेक मंडळ्या येशू उठला तो दिवस म्हणून रविवार धरतात. प्रेषित पौलानं रोमकरांच्या पत्रात १४ व्या अध्यायात लिहिलंच आहे, कोणी एक दिवस मोठा मानतो, कोणी सगळे सारखेच, ज्याची त्याची मनाची खात्री पाह्यजे. तं दिवसावरून भांडू नका.

आता मुद्द्याचं. आपण धुतलेले कपडे घालून उपासनेला अन् वावरात बाया वेचून राहिल्या, हा विसावा नाही. बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाचा ५ वा अध्याय काढा, दास, दासी, बैल, गाढव सगळे एकेक करून सांगितले, तुझ्यासारखाच त्यांनाही विसावा मिळावा म्हणून, कारण तूही मिसरात गुलाम होतास. मी हे लहानपणापासून ऐकत आलो, पण एका रविवारी उपासनेवरून येताना धुऱ्यावर गाडी थांबवली तं वेचणारी एक मावशी कमरेची कापसाची ओटी सोडत होती, बोंडाच्या टोकानं बोटं फाटलेली, म्हणे दादा, तुमची घंटा इथवर ऐकू आली आज. बस, तेव्हापासून आमच्या वावरात रविवारी वेचणी नाही.

पण किलोवर वेचणारीचा एक दिवस गेला म्हणजे मजुरी गेली, हे विसरू नका. शुक्रवारीच सांगा, म्हणजे तिला वाटलं तं दुसरीकडं काम पाहता येते. हिशोब शनिवारी संध्याकाळीच चुकता करा. सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, असेल तं पाडव्याला बोलणी होते तेव्हाच रविवारची सुटी ठरवून घ्या, पैसे न कापता.

रविवार खरा शनिवारीच बनतो. वैरण कापून ठेवा, पंपाचं डिझेल आणून ठेवा, दळण उरकून घ्या. अन् घरच्या बाईचं काय? पाहुणे, मटण, भांडे, तिचा तं रविवारच सगळ्यात जड जातो. आमच्याकडं आता रविवारी खिचडी नाहीतर शनिवारच्या भाकरी अन् ठेचा, भांडे पोरं घासतात. हे नाही जमलं तं बाकीचं जमून काही फायदा नाही, असं माझं मत आहे.

अडचण आली तर? ढोरांना पाणी पाजणं, दूध काढणं, आजाऱ्याला दवाखान्यात नेणं, हे करायचंच, येशूनंच विचारलं की विहिरीत पडलेला बैल तुम्ही शब्बाथाला वर काढणार नाही का. आभाळ आलं तं अंगणातला ढीग घरात घ्या, ताडपत्री टाका. पण वेचणी आली हे काही बैल विहिरीत पडल्यासारखं अचानक नसते, निर्गम पुस्तकाच्या ३४ व्या अध्यायात तं नांगरणी अन् कापणीतही विसावा घ्या असं स्पष्ट आहे. उलट रोमच्या कॉन्स्टंटाईन बादशहानं सन ३२१ मध्ये रविवारची सुटी लावली तेव्हा शेतकऱ्यांना मोकळीक दिली होती, पेरणीची वेळ हातची जाऊ नये म्हणून. वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, काय असतो ते आपल्याला माहीत आहे, तं पावसानंतर एखाद्यानं उपासनेनंतर तिफण धरली तं मी त्याला बोलत नाही. दर रविवारी मात्र वाफसा नसतो.

बैलाचं तं आपल्या गावात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पोळ्याला कोणी जू ठेवते का त्याच्या खांद्यावर? तसंच दर आठवड्याला करा.

दुपारी झोपा, आजारी माणसाला भेटून या, कापसाचा भाव पाहायला मोबाईल उघडू नका. भाव सोमवारीही कळते.