नाशकात नव्याने गाडी चालवणाऱ्यांसाठी: आरशातल्या पिवळ्या दिव्याविषयी

लातूरहून नाशकात येऊन मला चौदा वर्षे झाली. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत नोकरी लागून नव्याने येणारी मंडळी पूर्वी घरभाडे आणि शाळांविषयी विचारत. अलीकडे नव्या गाडीच्या आरशात मधूनच लागणाऱ्या पिवळ्या दिव्याविषयीही विचारतात. ब्लाइंड स्पॉटमध्ये वाहन आले आहे, हे तो दिवा सांगतो.

मागच्या दाराच्या बाजूचा जो भाग एकाही आरशात दिसत नाही, तो ब्लाइंड स्पॉट. आपण उजवीकडे बसून गाडी चालवत असल्यामुळे डावीकडचा असा भाग अधिक फसवा असतो, आणि इथली दुचाकी नेमकी तिथूनच घुसते.

बहुतेक गाड्यांत मागच्या बंपरच्या आत, दोन्ही कोपऱ्यांत, 24 किंवा 77 गिगाहर्ट्झचे छोटे रडार असते. आदळून परत आलेल्या लहरीला लागलेल्या वेळेवरून ते अंतर मोजते आणि वारंवारतेतील फरकावरून वेग ओळखते. म्हणूनच रस्त्याकडेचा कठडा किंवा उभा ट्रक वगळून चालत्या वाहनाचीच सूचना देणे त्याला जमते. शेजारच्या लेनमध्ये वाहन आले की दिवा लागतो, आणि त्याच बाजूचा इंडिकेटर दिलात तर तो लुकलुकतो व बहुधा आवाजही होतो. काही गाड्यांत इंडिकेटर देताच आरशाखालच्या कॅमेऱ्याचे चित्र मीटरच्या जागी उमटते. ती सोय निराळी, कारण तिथे बघायचे आणि ठरवायचे काम तुमचेच राहते.

द्वारका चौकाच्या गर्दीत या दिव्यावर विसंबू नका. अनेक प्रणाली ठरावीक वेगाखाली काम करत नाहीत, त्यामुळे मुंगीच्या पावलांनी सरकताना डाव्या दाराला खेटलेल्या रिक्षाची दखल दिवा घेईलच असे नाही. दुचाकीवरून परतणारी लहर क्षीण असल्याने तीही कधी निसटते. दिवा विझलेला आहे म्हणून जागा मोकळी आहे, असे समजू नये.

सिन्नरजवळ समृद्धी महामार्गावर चढल्यावर अडचण उलटी असते. तुम्ही ताशी 80 किलोमीटरने चालला असाल आणि मागची गाडी 120 ने येत असेल, तर 50 मीटरचे अंतर ती पाच सेकंदांच्या आत कापते. साध्या प्रणालीचे लक्ष मात्र मागच्या बंपरपलीकडे जेमतेम काही मीटरच असते. लेन बदलण्यापूर्वी आरसा बघावाच लागतो, आणि मान वळवून खांद्यावरूनही.

बंपरचीही काळजी घ्या. इगतपुरीच्या पावसात साचलेला चिखल पुसत जा आणि कोपऱ्यांवर जाड स्टिकर किंवा लोखंडी गार्ड लावू नका. माझ्या बंपरचा ओरखडा एका गॅरेजने पुट्टीचा जाड थर देऊन झाकला. गाडी चकाचक झाली, पण डावा दिवा महिनाभर लागलाच नाही, आणि पत्नीने शेजारच्या सीटवरून विचारेपर्यंत ते माझ्या लक्षातही आले नव्हते.