रिपोर्टमधलं 'ॲक्यूट' आणि 'क्रॉनिक' वाचताना या चुका टाळा

मावशीला जुलाब-उलट्या झाल्या, दोन दिवस सलाईन लावून घरी सोडलं, आणि डिस्चार्ज कार्डावर पहिल्याच ओळीत 'ॲक्यूट गॅस्ट्रोएन्टरायटिस'. मावसभावाने मोबाईलवर अर्थ बघितला, आला 'तीव्र', आणि रात्री साडेअकराला फॅमिली ग्रुपवर मेसेज पडला की आईला काहीतरी सिरीयस आहे, डॉक्टर नीट सांगत नाहीयेत. मावशी तेव्हा मऊ भात नि मेतकूट खाऊन झोपली पण होती. तो पोरगा मात्र रात्रभर जागा होता हो, आणि हे एका शब्दापायी, म्हणून लिहितेय.

ॲक्यूट म्हणजे गंभीर, ही सगळ्यात कॉमन चूक. डॉक्टर हा शब्द वापरतात तो अचानक सुरू झालेल्या, थोड्या काळाच्या दुखण्यासाठी. साधी सर्दीसुद्धा ॲक्यूट आणि हार्ट अटॅकही ॲक्यूटच, म्हणजे नुसत्या त्या शब्दावरून किती घाबरायचं ते कळतच नाही. दुखणं किती जोरात आहे त्यासाठी वेगळे शब्द असतात, माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर, ते शोधा. आपल्याकडे 'तीव्र' हे भाषांतर रुळलंय, आणि तीव्र म्हटलं की आपल्याला जोरच आठवतो, घोळ तिथेच होतो.

क्रॉनिकचं उलटं. ग्रीकमध्ये ख्रोनोस म्हणजे काळ, त्यावरून आलेला शब्द, म्हणजे बराच काळ टिकलेलं, जुनाट. काही जण हे वाचून 'आता संपलंच' म्हणतात, आणि काही जण 'जुनंच आहे, चालायचंच' म्हणून सोडून देतात. दुसरं जास्त वाईट. आमच्या शेजारच्या काकांच्या रिपोर्टवर 'क्रॉनिक किडनी डिसीज, स्टेज 3' होतं, ते त्यांनी जुनं दुखणं म्हणून कपाटात ठेवलं आणि गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून पेनकिलर आणून खात राहिले, ज्या गोळ्या किडनीला त्रासच देतात. किडनीच्या बाबतीत क्रॉनिक म्हणजे बिघाड 3 महिने किंवा त्याहून जास्त टिकलाय. ईजीएफआर नावाचा आकडा, म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचं माप, 60 च्या खाली गेला की स्टेज 3 सुरू होते, 15 च्या खाली स्टेज 5. म्हणजे 3 ला असताना हातात बरंच काही असतं, शुगर आणि बीपी सांभाळलं तर पुढची घसरण लांबवता येते. आणि एकदाच क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो रक्तातला कचरा) वाढलं म्हणून लगेच क्रॉनिकचा शिक्का स्वतःच मारून घेऊ नका, टेस्ट परत करावी लागते.

किती दिवस झाले की क्रॉनिक, हे प्रत्येक आजाराला वेगळं आहे. हिपॅटायटिस बी 6 महिन्यांच्या वर राहिला तर क्रॉनिक, मोठ्या माणसाचा खोकला 8 आठवड्यांच्या वर. पण खोकल्याला तेवढे 8 आठवडे घरी वाट बघत बसायचं नाही, 2 आठवड्यांच्या वर गेला की आपल्याकडे टीबीची तपासणी करून घ्यायची, सरकारी दवाखान्यात ती फुकट होते.

'ॲक्यूट ऑन क्रॉनिक' असं लिहिलेलं दिसलं तर डॉक्टर चुकले असं समजू नका. जुनं दुखणं होतंच, ते आता अचानक उसळलंय, एवढाच अर्थ. सीओपीडीच्या, म्हणजे फुफ्फुसाच्या जुनाट दम्यासारख्या आजाराच्या पेशंटला थंडीत एकदम दम लागतो तसं.

रक्ताच्या कॅन्सरमध्ये मात्र हे शब्द आजाराच्या वेगाबद्दल पण सांगतात. ॲक्यूट ल्युकेमिया झपाट्याने वाढतो, ट्रीटमेंट लगेच सुरू करावी लागते, पण लहान मुलांमध्ये जो जास्त दिसतो त्या लिम्फोब्लास्टिक प्रकारात नीट ट्रीटमेंट मिळाली तर बहुतेक मुलं बरी होतात. आणि क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियावर 2001 मध्ये इमॅटिनिबची गोळी आली, ती किंवा तसलीच दुसरी गोळी घेत माणसं वर्षानुवर्षं नोकरी-संसार करतायत.

तर डॉक्टरांना सरळ विचारा, कधीपासून आहे, किती जोरात आहे, आणि हे बरं होणारंय का सांभाळत राहायचंय. 'कधीपासून' चं उत्तर बरेचदा आपल्याच घरात असतं, जुन्या रिपोर्टमध्ये, आणि ते व्हॉट्सॲपवर आलेले पीडीएफ फोन बदलला की हरवतात. काकांच्या मुलीने सगळे प्रिंट काढून तारखेप्रमाणे फाइलला लावले, तेव्हा क्रिएटिनिन दोन वर्षांपासून हळूहळू चढत होतं ते दिसलं, आणि डॉक्टरांनी पहिल्यांदा पेनकिलर बंद केल्या.