सेट टॉप बॉक्सचे रिझोल्यूशन निवडताना या चुका टाळा

आमच्या घरी ४३ इंची फोरके टीव्ही आला, तेव्हा जोडणी करणाऱ्याने एचडी बॉक्सला जुनीच पिवळी-लाल-पांढरी वायर लावून दिली आणि एचडी पॅकचे पैसे दरमहा भरूनही आम्ही काही महिने एसडी, म्हणजे जुन्या कमी स्पष्ट दर्जाचेच चित्र पाहत राहिलो. बातम्यांच्या वाहिनीवर खालून सरकणाऱ्या पट्टीतले अनुस्वार आणि रफार अक्षरांत मिसळून जात, आणि मी मात्र टीव्हीलाच दोष देत होतो. ही वायर एसडीपेक्षा वरचे चित्र वाहूच शकत नाही. म्हणून सेटिंगला हात लावण्यापूर्वी एचडीएमआय केबल जोडलेली आहे ना, हे पाहावे.

दुसरी चूक म्हणजे केबल बदलूनही बॉक्सचे रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या ओळींचा आकडा, ५७६आय (एसडी) किंवा ७२०पी (कमी दर्जाचे एचडी) वर तसाच ठेवणे. एसडी चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० बिंदू असतात. फुल एचडीत त्यांच्या बरोबर पाचपट, २०,७३,६०० असतात. बॉक्सने एकदा गाळलेला तपशील टीव्ही कितीही महाग असला तरी परत आणू शकत नाही.

याच्या उलट, यादीतला सर्वांत मोठा आकडा निवडला की चित्र सर्वोत्तम होईल, असेही अनेकांना वाटते. आपल्याकडील बहुतेक एचडी वाहिन्या १०८०आय स्वरूपात येतात. त्यात एका वेळी एकाआड एक ओळी पाठवल्या जातात आणि त्या जुळवून पूर्ण चित्र तयार करावे लागते. हे काम १०८०आय निवडल्यास टीव्ही करतो, १०८०पी (सर्व ओळी एकत्र) किंवा २१६०पी (फोरके) निवडल्यास बॉक्स करतो, आणि माझ्या अनुभवात चांगल्या टीव्हीला ते अधिक नेटके जमते. तरीही दोन्ही पर्याय लावून तीच सरकती पट्टी जवळून पाहावी: अक्षरांच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या फाटलेल्या दिसल्या, तर तो पर्याय सोडावा. साध्या एचडी बॉक्सचे चित्र फोरके पडद्याएवढे मोठे करण्याचे काम टीव्हीवरच सोपवणे मला योग्य वाटते. बॉक्सच फोरके असेल आणि फोरके कार्यक्रम खरोखर पाहिले जात असतील, तर २१६०पी जरूर निवडावे, मात्र केबल आणि टीव्हीचे पोर्ट त्या क्षमतेचे हवेत.

आकड्यापुढच्या हर्ट्झकडे, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा बदलते याकडे, सहसा कोणी पाहत नाही. भारतातले प्रक्षेपण ५० हर्ट्झचे आहे. बॉक्स ६० वर ठेवला, तर दर पाच चित्रांमागे एक चित्र पुन्हा दाखवून हिशोब जुळवला जातो, आणि क्रिकेटमध्ये सीमारेषेकडे धावणारा चेंडू गचके खात जातो. शक्य असेल तेथे ५० च ठेवावे.

पडद्याचा आकार १६:९ ठेवावा. पट्टीचा खालचा भाग कापला जात असेल, तर तो दोष रिझोल्यूशनचा नसून टीव्हीतल्या झूमचा असतो. चित्राच्या आकाराच्या सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ निवडावे.

नवा पर्याय निवडताच पडदा काळा झाला, तर घाईने स्विच बंद करू नये. टीव्हीला न झेपणारे सेटिंग पुष्टी न मिळाल्यास अनेक बॉक्स काही सेकंदांत आपोआप मागे घेतात. तसे झाले नाही, तर ती जुनी पिवळी-लाल-पांढरी वायर तात्पुरती जोडून मेनू उघडता येतो का ते पाहावे आणि १०८०आय पुन्हा निवडावे.