मांजर अचानक आजारी पडलं? घाईगडबडीत या चुका टाळा

मांजर आजारी पडलं की घरात साधारण दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर 'उद्यापर्यंत बघू' म्हणून सगळे थांबतात, नाहीतर औषधांचा डबा उघडला जातो. चुका दोन्ही, पण दुसरी जास्त महागात पडते. म्हणून आधी तीच.

डब्यातली गोळी

कान गरम लागले, अंग तापल्यासारखं वाटलं, की पहिली आठवते ती पॅरासिटामॉल. लहान मुलांनाही देतात, मग पाव गोळीने काय बिघडणार? बरंच बिघडतं. हे औषध निकामी करून शरीराबाहेर टाकणारी यकृतातली यंत्रणा मांजरात फारच तोकडी असते. त्यामुळे त्याचे विषारी अंश रक्तातल्या तांबड्या पेशींवर उलटतात आणि रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. हिरड्या तपकिरी किंवा निळसर दिसू लागतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या मांजराचाही जीव घेऊ शकते. पाव गोळीसुद्धा सुरक्षित नाही.

मुळात तो ताप असतोच असं नाही. मांजराचं नेहमीचं तापमानच ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं, म्हणजे आपल्या हाताला ते कायम कोमट लागणार. कान चाचपून तापाचं निदान करू नका.

गोळी आधीच दिली गेली असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. ओरडा बसेल या भीतीने लोक गप्प राहतात आणि त्यात मोलाचा वेळ जातो. या विषावर एन-असिटिलसिस्टीन हा उतारा आहे, तो लवकर मिळाला तर उपयोग होतो. कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, किती वाजता एवढं सांगा आणि वेष्टन सोबत न्या.

आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन आणि आपली बाकीची दुखण्यावरची औषधं याच रांगेतली. कुत्र्याच्या गोचीड-पिसवांसाठी मानेवर टाकायच्या काही थेंबांमध्ये परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं. मांजराला त्याने थरथर सुटते, झटके येतात. कुत्र्याचं औषध अर्धं केलं की ते मांजराचं होत नाही.

विषारी काही खाल्ल्याचा संशय आला तर मिठाचं पाणी किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड पाजून उलटी काढायला जाऊ नका. मिठाची विषबाधा वेगळी होते आणि पेरॉक्साइडने पोटाचं अस्तर सोलवटून निघतं. लिलीच्या बाबतीत तर लक्षणांची वाट बघायची सोयच नाही. पान चावलं, अंगावर पडलेले परागकण चाटले किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायलं, तरी खऱ्या (लिलियम वंशातल्या) लिलींमुळे मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. मांजर ठणठणीत दिसत असतानाच न्यायचं.

'पोट साफ होत नाहीये बहुतेक'

सगळ्यात जास्त बोके या एका वाक्यापायी हातचे जात असावेत. बोका शी-शूच्या वाळूच्या ट्रेमध्ये जातो, बसतो, जोर करतो, बाहेर येतो आणि दोन मिनिटांत पुन्हा आत. मधूनच घोगऱ्या आवाजात ओरडतो, वळून शूची जागा चाटत बसतो, कधी न्हाणीघराच्या फरशीवर बसून प्रयत्न करतो. घरातले म्हणतात बद्धकोष्ठ झालंय, आणि तेल नाहीतर जुलाबाचं औषध शोधायला लागतात.

आधी ट्रेमधली वाळू चाळा. रोज ओल्या वाळूचे दोन-तीन चांगले मोठे गोळे निघतात. आज एकही नाही, किंवा नखाएवढे चार-पाच तुकडेच? मग शी नाही, शू अडली आहे. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. बारीक खडे किंवा चिकट गाळ अडकला की ती बंद होते. शू मागे तुंबते, मूत्रपिंडांवर ताण येतो, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. हा खेळ एक-दोन दिवसांत संपू शकतो, त्यामुळे रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करायचा. पोट दाबून शू काढायचा प्रयत्न अजिबात नको, मूत्राशय फुटू शकतं. बोक्याचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं असलं तरी हा धोका राहतोच.

भाटीची नलिका रुंद असल्याने ती पूर्ण बंद होणं क्वचितच. तरी ती सारखी ट्रेमध्ये जात असेल, थेंबाथेंबाने शू करत असेल, तर तपासून घ्यावीच लागते.

धाप, थंड पंजे आणि लोंबणारा दोरा

कुत्र्याला जीभ बाहेर काढून धापा टाकताना आपण रोज बघतो, म्हणून मांजराचं तोंड उघडं दिसलं तरी 'उकडतंय त्याला' असं वाटतं. खेळून दमलेलं पिल्लू क्षणभर तसं करेलही. पण बसल्या जागी तोंड उघडून श्वास घेणारं मांजर म्हणजे सरळ दवाखाना. त्याला कुशीत दाबू नका, उताणं करून तपासू नका, पाणी पाजू नका.

इतर वेळी श्वास मोजता येतो, आणि ही सवय निरोगी मांजरावरच लावून घ्यावी. ते गाढ झोपलेलं असताना बरगड्यांकडे बघा. छाती वर जाऊन खाली आली की एक. ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. आकडा बहुतेक वेळा ३० च्या आत येतो. घुरघुर चालू असताना मोजलेलं धरू नका. झोपेतला आकडा ४० च्या पुढे गेला, किंवा श्वासाबरोबर पोट जोरात हलताना दिसलं, की डॉक्टरांना कळवा.

किंकाळी फोडून मांजर एकाएकी मागचे पाय ओढायला लागलं, तर 'उंचावरून पडलं असेल' म्हणून चोळत, शेकत बसू नका. मागचा पंजा आणि पुढचा पंजा हातात धरून बघा. मागचा गार असेल, तळव्याची गादी फिकट किंवा निळसर पडली असेल, तर रक्ताची गुठळी अडकून पायांचं रक्त बंद झालेलं असू शकतं. याचं मूळ बहुतेकदा हृदयाच्या आजारात असतं. वेदना भयंकर असतात, त्यामुळे एरवी गरीब असलेलं मांजरही चावतं.

तोंडातून किंवा मागून दोरा लोंबत असेल तर ओढू नका. त्याचं दुसरं टोक जिभेखाली किंवा आतड्यात अडकलेलं असतं, आणि ताणलेला दोरा आतडं कापतो. कापूनही टाकू नका, आहे तसं न्या.

'खाईल भूक लागल्यावर'

माणसाने एक दिवस लंघन केलं तर चालतं. मांजर काही दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात जाऊन साठते आणि यकृत काम सोडून देतं. मूळ दुखणं किरकोळ, जीवावर बेतलं उपाशीपणामुळे, असं होऊ शकतं. लठ्ठ मांजरांना हा धोका जास्त, त्यामुळे 'तेवढंच वजन उतरेल' हा विनोद नको. २४ तास तोंडाला काहीच लावलं नाही तर फोन करा. लहान पिल्लू असेल तर काही तासही पुष्कळ झाले.

मग लोक सिरिंज काढतात. मलूल मांजराच्या घशात पाणी सोडलं की ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. भरवायला डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच भरवा, तेही डोकं सरळ ठेवून, तोंडाच्या कोपऱ्यातून, थोडं थोडं. उलट्या थांबत नसतील तर भरवूच नका.

'घुरघुर करतंय, म्हणजे बरं आहे' हीसुद्धा एक फसगत. मांजर वेदनेतही घुरघुरतं. त्यापेक्षा चेहरा बघा. माँट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पट्टी प्रसिद्ध केली. कान, डोळे, मुस्कटाचा ताण, मिशा आणि डोक्याची ठेवण अशा ५ गोष्टी, प्रत्येकीला ० ते २ गुण. कान बाजूला पसरलेले, डोळे किलकिले, मिशा ताठ, डोकं खांद्यांच्या खाली गेलेलं आणि एकूण गुण ४ किंवा जास्त, तर ते दुखणं औषध मागतंय.

न्यायचं कसं, सांगायचं काय

घाबरलेल्या मांजरामागे घरभर पळू नका. आधी खोलीचं दार लावा, मग कॅरियर काढा. उलटं केलंत की ते पलंगाखाली गेलंच म्हणून समजा. टॉवेल टाकून, गुंडाळून उचलता येतं. वरचं झाकण निघणारं कॅरियर असेल तर उत्तम, कारण तपासणी खालच्या अर्ध्या भागातच होऊ शकते. चावलं तर जखम साबण-पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी स्वतःच्या डॉक्टरांना दाखवा. मांजराचे दात बारीक पण खोल जातात आणि हाताला जंतुसंसर्ग लवकर होतो.

फोनवर 'सुस्त आहे' एवढंच सांगून काही कळत नाही. 'काल रात्री नऊला खाल्लं, पहाटेपासून चार उलट्या, शेवटची पिवळी, शू केलेली नाही' हे सांगा. झटका आला तर मोबाइलवर वेळ बघा आणि व्हिडिओ काढा, तोंडात बोट घालू नका. पाच मिनिटांत थांबला नाही तर तसंच उचलून निघा.

घरी आल्यावर गोळ्या कोरड्या घशात ढकलू नका. डॉक्सिसायक्लिनसारखी प्रतिजैविकाची गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होऊन नळी अरुंद होते. तिच्या मागून पाच-सहा मिलिलिटर पाणी किंवा थोडं खाणं गेलं पाहिजे. घरात दुसरं मांजर असेल तर ते दवाखान्याच्या वासामुळे परत आलेल्यावर फिस्कारेल, अंगावरही जाईल. रागावू नका. एक रात्र दोघांना वेगळं ठेवा, घरातल्या मांजराचं अंथरूण आजाऱ्याच्या खोलीत टाका. उलट्या-जुलाबांचं कारण संसर्ग असेल तर मात्र अंथरूण, ट्रे, भांडी सगळं वेगळं, आणि किती दिवस ते डॉक्टरांना विचारून.