आइसफील्ड्स पार्कवेवर गाडी कुठे थांबवावी?

कॅनडातील लेक लुईस ते जॅस्पर या सुमारे 230 किलोमीटरच्या आइसफील्ड्स पार्कवेवर दर वळणाला थांबावेसे वाटते. मात्र 'हिमस्खलन क्षेत्र, थांबू नये' अशी पाटी दिसली की फोटोचा मोह सोडून पुढे जावे. पाटी नजरेतून सुटली, तरी घनदाट सूचिपर्णी जंगलातून वरपासून खालपर्यंत उतरलेला, फक्त खुरटी झुडपे उरलेला मोकळा पट्टा दिसल्यास तो बर्फाच्या लोंढ्याचा मार्ग आहे, असे समजावे. वसंतात कोवळे गवत खाण्यासाठी ग्रिझली अस्वलेही याच पट्ट्यांत उतरतात, त्यामुळे तिथे उतरून पाय मोकळे करणे दुहेरी धोक्याचे ठरते.

टँगल धबधब्याजवळ वळणदार शिंगांच्या जंगली मेंढ्या कधीकधी थेट रस्त्यावर येऊन मीठ चाटत उभ्या राहतात. अशा वेळी वेग कमी करावा, काच खाली करून बिस्किटे पुढे करू नयेत (आपल्या घाटांतल्या माकडांना लावलेली सवय इथे नको), आणि गाडीबाहेर असल्यास मेंढ्यांपासून 30 मीटर, तर अस्वल आणि लांडग्यांपासून 100 मीटर अंतर ठेवावे.

1 नोव्हेंबर ते 1 एप्रिल या काळात इथे हिवाळी टायर सक्तीचे असतात. बहुतेक मार्गावर मोबाइलला रेंज नसते आणि वाटेतला पेट्रोलपंपही हिवाळ्यात बंद असतो, म्हणून रस्ता खुला आहे का हे निघण्यापूर्वीच तपासावे, टाकी पूर्ण भरावी आणि गाडीत जाड पांघरूण ठेवावे.