गणाचं तिकीट मागायला जाताना

आमच्या सोलापूर जिल्ह्यात ग्रामपंचायत पॅनेलवर लढतात. पक्षाचं चिन्ह लागतं ते पंचायत समितीपासून पुढं, त्यामुळे तिकीट मागायची पहिली पायरी म्हणजे गण, म्हणजेच पंचायत समितीचा मतदारसंघ. मी दोनदा मागितलं. २०१२ ला मिळालं नाही, २०१७ ला मिळालं. यापुढे ज्या बायकांना मागायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते.

महिलांना पन्नास टक्के जागा २०१२ च्या निवडणुकीपासून मिळाल्या. आरक्षणाच्या सोडतीत आमचा गण सर्वसाधारण महिलेसाठी निघाला आणि आठवडाभरात सहा घरांतल्या सुनांचे फोटो फलकावर चढले. त्यात मीही होते. बचत गटाचं काम मी आठ वर्षं करत होते, पण पक्षाच्या एका बैठकीला कधी गेले नव्हते. तिथंच चुकलं. सोडत निघाल्यावर कामाला लागलेली बाई पक्षाला उसनी वाटते. गण आपल्याला सुटेल की नाही हे माहीत नसतानाच सभासद नोंदणी, बूथची माणसं, तालुक्याच्या बैठका यांत दिसायला हवं. आपला गण राखीव होऊन हातचा गेला आणि तालुक्याच्या मतदारयादीत आपलं नाव असलं, तर शेजारच्या गणातूनही उभं राहता येतं. म्हणून एकाच गणापुरतं काम ठेवू नका.

इच्छुकांचे अर्ज तालुका कार्यालयात मिळतात. अर्जाबरोबर पक्षनिधी घेतात, त्याची पावती मागून घ्या. कागदांची जमवाजमव त्याच दिवशी सुरू करा. राखीव जागा असेल तर जात वैधता प्रमाणपत्र, ते हातात नसेल तर पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पोच. शौचालय वापराचा दाखला, थकबाकी नसल्याचा दाखला, निवडणूक खर्चासाठी वेगळं बँक खातं. दोन मुलांनंतरचं अपत्य १२ सप्टेंबर २००१ नंतर झालं असेल तर उभं राहता येत नाही, ही अट तर घरोघरी माहीत आहे. पक्षही हे सगळं बघतो, कारण छाननीत अर्ज उडाला तर त्याची जागाच जाते. दोन इच्छुक सारख्याच तोलाच्या असतील तर कागद पुरे असलेलीचं नाव पुढं सरकतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता मुलाखत. ही मंगल कार्यालयात नाहीतर विश्रामगृहावर होते. समोर जिल्ह्याहून आलेले निरीक्षक, तालुकाध्यक्ष आणि कुणीतरी वजनदार नेते. २०१२ ला माझ्याबरोबर आमचे हे आत आले. निरीक्षकांनी विचारलं, "ताई, गणात गावं किती?" मी तोंड उघडायच्या आत यांनी उत्तर दिलं. पुढचे चारही प्रश्न यांनाच विचारले गेले. मी पदर सावरत बसून राहिले. तिकीट एका पुढाऱ्याच्या सुनेला गेलं. ती पुण्यात राहत होती.

त्या रात्री मी जेवले नाही. पण पाच वर्षांनी मी एकटी आत गेले आणि ह्यांना बाहेर खुर्चीवर बसायला सांगितलं. हातात दोनशे पानी वही होती. अकरा गावं, प्रत्येक गावातले बूथ, प्रत्येक बूथवर बसायला तयार असलेल्या दोन माणसांची नावं, मागच्या वेळी पक्षाला तिथं पडलेली मतं. वाड्यावस्त्यांवर टँकर किती दिवसांआड येतो, तेही लिहिलं होतं. "खर्च किती कराल?" हा प्रश्न येणारच. जवळ नसलेला आकडा सांगू नका. "गाड्या माझ्या माहेरच्या, प्रचाराला बचत गटातल्या बायका, रोख एवढीच," असं मी स्पष्ट सांगितलं. "तिकीट नाही मिळालं तर?" याचंही उत्तर घरून ठरवून जा. तिथं बोललेलं कुणी विसरत नाही.

मुलाखत चांगली झाली म्हणजे तिकीट आलं, असं धरू नका. तालुक्यातून दोन-तीन नावं जिल्ह्याच्या कोअर कमिटीकडे जातात. तिथं समाजाची बेरीज होते, वरच्या गटाच्या, म्हणजे जिल्हा परिषदेच्या मतदारसंघाच्या, उमेदवाराला कोणत्या गणातून कोण मदत करेल हे पाहिलं जातं, आणि कधी कधी जागाच मित्रपक्षाला सुटते. हे दिवस घरी बसून काढू नका. नेत्यांना भेटायला गावोगावच्या दहा-बारा बायका घेऊन जा. माझ्यासाठी वेगवेगळ्या गावांतून फोन गेले, तेव्हाच माझं नाव यादीत राहिलं.

शेवटचा कागद म्हणजे एबी फॉर्म. ए फॉर्ममध्ये पक्षाच्या वतीनं सही कोण करणार ते असतं, बी फॉर्ममध्ये उमेदवाराचं नाव. हा येतो शेवटच्या दिवशी, कारण आधी दिला तर डावललेल्याला बंडखोरीला वेळ मिळतो. म्हणून आपला उमेदवारी अर्ज आधीच भरून ठेवा आणि फॉर्म येईल त्या दिवशी तहसील कार्यालयाच्या आवारात थांबा. दुपारी तीन म्हणजे तीनच. फॉर्म हातात पडल्यावर नाव मतदारयादीप्रमाणे आहे का, गणाचा क्रमांक आणि नाव बरोबर आहे का, सही शाईची आहे का, एवढं तिथंच वाचा. माझ्या फॉर्मवर गणाचा क्रमांक चुकला होता. दुरुस्त होऊन आला तेव्हा अडीच वाजले होते.

आणि फॉर्म आलाच नाही तर अपक्ष राहायचं की माघार घ्यायची, हा निर्णय तुमचा. २०१२ ला माझा अपक्ष अर्ज होता. दिराने "असू दे, लागेल" म्हणून कोऱ्या कागदावर माझी सही घेतली होती. सूचक, म्हणजे अर्जावर माझं नाव सुचवणारा माणूस, तोही त्यांनीच ठरवलेला. माघारीच्या दिवशी मी शेतात ज्वारी काढत होते. संध्याकाळी कळलं, त्या सहीच्या जोरावर माझा अर्ज दुपारीच मागे घेतला गेला होता. एकदा घेतलेली माघार रद्द होत नाही. सूचक स्वतः निवडा, आणि सही करायच्या आधी कागदावर काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचून घ्या.