स्फंज तळायला घेण्याआधी

स्फंज म्हणजे मोरोक्कोतली डोनटसारखी, मधे भोक असलेली तळलेली कडी. सगळ्यात आधी एक पसरट भांडं पाण्यानं भरून कढईशेजारी ठेवा. तेल तापवण्याआधी, पीठ भिजवण्याच्याही आधी. मागच्या वेळी नेमकं हेच राहिलं: पीठ बोटांना चिकटून बसलं, तेल धुरावलं आणि पहिला घाणा वाया गेला.

मैदा अर्धा किलो, मीठ दीड चमचा, इन्स्टंट यीस्ट 7 ग्रॅम, साखर चिमूटभर. कोमट पाणी 400 मिलीच्या आसपास, पण एकदम ओतू नका, प्रत्येक मैदा सारखं पाणी पीत नाही. अंडं, दूध, लोणी काही नाही. मोरोक्कोतला गल्लीतला स्फंजवाला एवढ्यावरच भागवतो. बाहेरून कुरकुरीत आणि आतून जाळीदार अशी ती कडी निघते ती पीठ सैल असतं म्हणून. त्यामुळे कितीही चिकट वाटलं तरी वरून मैदा भुरभुरायचा नाही! पोळपाट-लाटण्याचं इथे कामच नाही. परातीत पीठ उचलून आपटत आठ-दहा मिनिटं मळा. आधी नुसता लगदा वाटतो, मग ओढलं की न तुटता लांबायला लागतं. तिथे थांबा. मोठ्या पातेल्यात झाकून दुप्पट होऊ द्या. उन्हाळ्यात दीड तास, थंडीत तीनही लागतील. घाई केलीत तर स्फंज दडस होतील.

पाण्याचं भांडं ठेवलंत ना?

तेल भरपूर घ्या, 180 अंशांपर्यंत तापवा. पिठाचा ठिपका टाकल्याबरोबर वर आला पाहिजे. आता हात पाण्यात बुडवा आणि झटका, कारण थेंब तेलात पडला तर तेल अंगावर उडतं. लिंबाहून जरा मोठा गोळा तोडून मेदुवड्यासारखं अंगठ्यानं भोक पाडा, पण ओढून चांगलं मोठं करा. तेलात फुगल्यावर ते बुजतं. अलगद सोडा. पुढच्या गोळ्याआधी हात परत पाण्यात. प्रत्येक गोळ्याआधी! पाणी पिठाळलं की बदला.

दोन्ही बाजू सोनेरी झाल्या की झाऱ्यानं काढा. वर साखर किंवा मध. पुदिन्याचा चहा आधीच उकळून ठेवा, कारण गार झालेला स्फंज वातड होतो. बसलेल्यांना लगेच वाढा.